रस्ते व लोहमार्ग यांविषयींची फुटकळ माहिती : एक परीक्षण

ऐतिहासिक रस्ते आणि लोहमार्ग यांविषयीं प्रश्नोत्तररूपानें माहिती देणाऱ्या पुस्तिका, दिनदर्शिकांच्या मागील पानांवरील टिपणें आणि वर्तमानपत्रांतील चौकटी यांचा आपल्याकडे गेल्या कांहीं वर्षांत सुकाळ झाला आहे. पहिली आगगाडी कोणती, सर्वांत जुना घाट कोणता, अमुक महामार्गाचा क्रमांक काय, अशा प्रश्नांचीं एकेका ओळींत उत्तरें देणें हें या वाङ्मयाचें स्वरूप होय. संशोधकांनीं या प्रकाराकडे पाहूं नये असा एक शिष्टसंप्रदाय आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. मूळ कागदपत्रें पाहणारे वाचक थोडे, आणि या चौकटी वाचणारे मात्र असंख्य. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेतिहासाविषयीं सामान्य मनुष्याची जी कांहीं समजूत असते ती बहुधा याच कणांची बनलेली असते. म्हणून या वाङ्मयाचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कोणत्याहि एका पुस्तिकेचें नांव आम्ही घेत नाहीं. कारण दोष एका लेखकाचा नसून साऱ्या प्रकाराचा आहे. पहिल्याचें वाक्य दुसऱ्यानें उचलावें व दुसऱ्याचें तिसऱ्यानें, अशी येथील परंपरा असल्यामुळें मूळ अपराधी शोधीत बसणेंहि व्यर्थ आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. दोन-तीन वर्षांपूर्वीं बीड जिल्ह्यांतील एका शालेय प्रश्नमंजूषेंत आम्ही परीक्षकांपैकीं एक होतों. “बीड जिल्ह्यांत रेल्वे केव्हां आली ?” असा प्रश्न होता व छापील उत्तर होतें, “२३ सप्टेंबर २०२२.” परळीकडील एका मुलीनें उभें राहून सांगितलें, “सर, आमच्याकडे तर माझ्या पणजोबांच्या वेळेपासून आहे.” त्या उत्तरास शून्य गुण मिळाले. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. उत्तरपत्रिका छापील होती, आणि छापील अक्षराविषयींचा आदर जन्मभर शिकविण्याचें काम केलेल्या माणसास तो आदर ऐन वेळीं टाकतां येत नाहीं. पुढें शांतपणें विचार करितां असें दिसून आलें कीं, त्या मुलीचें उत्तर सनावळीच्या दृष्टीनें अपुरें असलें तरी खरें होतें, आणि छापील उत्तर तारीखवार असूनहि खोटें होतें.

तें खोटें कसें तें पाहावें. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) ते आष्टी हा सुमारें ६६ किलोमीटरांचा टप्पा प्रवासी वाहतुकीस खुला झाला, एवढी गोष्ट निर्विवाद आहे. परंतु परळी वैजनाथ हें जंक्शन याच जिल्ह्यांत आहे. परभणीकडून येणारा फांटा आणि विकाराबादहून बीदरमार्गें येणारा फांटा हे दोन्ही निजामी अमदानींतच परळीस येऊन मिळालेले होते. घाटनांदूरचें स्टेशनहि अंबाजोगाई तालुक्यांतलेंच. तेव्हां ‘बीड जिल्हा’, ‘बीड शहर’ आणि ‘अहिल्यानगर–बीड–परळी हा मार्ग’ या तीन भिन्न वस्तु प्रश्नकर्त्यानें एकत्र कालविल्या. जिल्ह्यापुरतें विचारावयाचें तर उत्तर निजामी काळांत शोधावें लागेल. बीड शहरापुरतें विचारावयाचें तर १७ सप्टेंबर २०२५ हें उत्तर येईल, कारण त्या दिवशीं अहिल्यानगर–बीड गाडी सुरू झाली. आणि २०२२ ची तारीख ही केवळ एका टप्प्याची आहे. तर्कशास्त्रांत ज्यास अतिव्याप्ति म्हणतात तो हा दोष. लक्षण एका वस्तूचें सांगावयाचें आणि तें भलत्याच वस्तूंना लागूं पडूं द्यावयाचें.

हाच दोष या वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध वाक्यांतहि आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी ही ‘भारतांतील पहिली रेल्वे’ असें निरपवाद छापलें जातें. त्या गाडीचे १४ डबे, सुमारें ४०० उतारू, तीन एंजिनें आणि २१ मैलांचें अंतर हा तपशील विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतो, आणि तो खरा आहे. परंतु मद्रासेजवळ रेड हिल्स येथें दगड वाहून नेण्यासाठीं १८३७ मध्येंच रूळ टाकले गेले होते, आणि रूडकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या पुलाच्या बांधकामावर १८५१ मध्यें वाफेचें एंजिन चाललेलें होतें. ठाण्याची गाडी पहिली ती नियमित प्रवासी वाहतुकीची. ‘प्रवासी’ हा एक शब्द गाळल्यानें वाक्य आटोपशीर होतें आणि असत्य होतें. ‘प्रथम’ हा शब्द वापरणाऱ्यावर ‘कशांत प्रथम’ हें सांगण्याची जबाबदारी येते. विशेषणाला विशेष्य लागतें हा व्याकरणाचा पहिल्या इयत्तेंतला नियम येथें पाळला जात नाहीं.

याहून गंभीर दोष सीमेचा आहे, आणि मराठवाड्यांतील वाचकांच्या दृष्टीनें तोच मुख्य होय. आजच्या महाराष्ट्र राज्याची आकृति मागें ढकलून तिच्या चौकटींत जुन्या घटना बसवावयाच्या, ही या लेखकांची नित्याची रीति. उदाहरणार्थ, राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी धांवली, हें वाक्य प्रत्येक पुस्तिकेंत सांपडतें. तें बरोबर आहे. पण बीडच्या विद्यार्थ्याला तेंच वाक्य ‘आपल्या एस.टी.चा जन्म’ म्हणून पाठ करावयास लावणें कितपत योग्य ? त्या दिवशीं बीड हें मुंबई इलाख्यांत नव्हतें. नगरला येऊन थांबलेल्या त्या गाडीच्या पुढें पूर्वेस जी सरहद्द होती तिच्या पलीकडे निजामाचें राज्य होतें, आणि तें १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत म्हणजे आणखी साडेतीन महिने टिकलें. रझाकारांच्या त्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत सरहद्दीवरील गांवांनीं काय सोसलें हें ज्यांच्या घरांत अजून सांगितलें जातें, त्यांना १ जून १९४८ ही तारीख निराळ्याच कारणानें स्मरणांत राहावी. बरें, निजामी राज्यांत सरकारी मोटारवाहतूक नव्हती असेंहि नाहीं. निजामाच्या रेल्वेखात्यानें १५ जून १९३२ रोजीं २७ मोटारी घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली होती. म्हणजे पुणें–नगर गाडीच्या १६ वर्षें आधीं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, त्याची वाहतूक कांहीं काळ वेगळी चालली, आणि १९६१ मध्यें ती राज्य परिवहन महामंडळांत मिळाली. तेव्हां मराठवाड्याच्या एस.टी.ला एक जन्मतारीख नसून दोन वंश आहेत. एका ओळीच्या उत्तरांत दोन वंश मावत नाहींत, म्हणून एक गाळला जातो. आणि जो गाळला जातो तो नेमका आमचा असतो.

येथें कोणी म्हणेल कीं, हा प्रादेशिक अभिमान झाला. तसें नाहीं. निजामी राज्याचें गुणगान करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. परंतु रस्ता आणि रूळ हे राज्यसत्तेनें काढिलेले असतात, आणि सत्ता कोणाची होती हें विसरून त्यांचा इतिहास लिहितां येत नाहीं. बीडला रेल्वे इतकी उशिरां कां आली, या प्रश्नाचें उत्तर देखील तेथेंच आहे. आणि हा प्रश्न आम्हीं पाहिलेल्या एकाहि पुस्तिकेंत नाहीं. जी वस्तु आली तिची तारीख विचारतां येते; जी आली नाहीं तिची तारीख नसल्यामुळें ती या वाङ्मयास दिसतच नाहीं.

त्या न आलेल्या वस्तूचा थोडा विचार करूं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मुंबई–रायचूर लोहमार्ग पुणें व दौंड यांवरून १८६० मध्यें सोलापुरास पोंचला. १८७८ मध्यें दौंड–मनमाड हा जोडमार्ग अहमदनगरवरून गेला. त्याचा उपयोग असा कीं, कंपनीच्या आग्नेय व ईशान्य अशा दोन शाखा मुंबईजवळचे घाट न उतरतां एकमेकींस मिळाव्या. १८९७ मध्यें बार्शी रोड, म्हणजे हल्लींचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या एंजिनियराची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी सुरू झाली; ती पुढें एका अंगानें पंढरपुरास व मिरजेस आणि दुसऱ्या अंगानें १९११ मध्यें लातुरास गेली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरें रेल्वे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सिकंदराबादेस जोडली गेली. ती मीटरगेज होती. त्यानंतर कांहीं दशकांनीं परळीचे दोन फांटे झाले.

आतां नकाशा पुढें घेऊन या मार्गांवर बोट फिरवावें. पश्चिमेस नगर, दक्षिणेस कुर्डुवाडी–बार्शी–लातूर, उत्तरेस जालना, पूर्वेस परळी. बीड शहराभोंवतीं लोहमार्गांचें एक मोठें कडें तयार झालें आणि मधला भाग कोरा राहिला. यांतील प्रत्येक मार्गाला स्वतःचें प्रयोजन होतें : एकाला मुंबई–मद्रास दळणवळण हवें होतें, दुसऱ्याला दोन शाखांचा सांधा, तिसऱ्याला बार्शीची बाजारपेठ व पंढरीचे यात्रेकरू, चौथ्याला गोदावरीखोऱ्यांतील कापूस. यांपैकीं एकाहि प्रयोजनास्तव बालाघाटची चढण चढण्याची गरज नव्हती. इंग्रजी मुलुखांतील मार्ग सरहद्दीपाशीं बहुधा वळले, आणि निजामी मुलुखांतील मार्ग खोऱ्यांतून सपाटीनें गेले. दोहोंच्या मधें बीड राहिलें. कोणी तें हेतुपुरस्सर वगळलें असें म्हणण्याचें कारण नाहीं. कोणालाहि तें वाटेवर लागलें नाहीं, एवढेंच. अहमदनगर–बीड–परळी हा सुमारें २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५-९६ मध्यें मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी येण्यास ३० वर्षें लागलीं, यांतील विलंबाचीं कारणें अलीकडचीं व निराळीं आहेत. परंतु मुळांत हा मार्ग नव्यानें मागण्याची वेळ कां आली, हें त्या कड्याकडे पाहिल्यावांचून समजत नाहीं. ज्या जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं घरदार बांधून ट्रकांनीं व ट्रॅक्टरांनीं पश्चिमेकडे जातात, तेथील मुलाला रेल्वेच्या उद्‌घाटनाची तारीख सांगावयाची आणि ती आधीं कां नव्हती हें सांगावयाचें नाहीं, हें शिक्षण अर्धें होय.

प्रश्नच विचारावयाचे असतील तर विचारण्याजोग्या गोष्टींची या जिल्ह्यांत वाण नाहीं. परळीस परभणीकडून येणारे रूळ मीटरगेज व विकाराबादकडून येणारे ब्रॉडगेज, त्यामुळें दोन मापांचा सांधा तेथें पुष्कळ वर्षें होता. एकाच बीड जिल्ह्यांत आज परळी ही दक्षिण मध्य रेल्वेकडे आणि बीड व आष्टी मध्य रेल्वेकडे आहेत. निजामी आणि इंग्रजी रेल्वेची जुनी वांटणी अशा रीतीनें नव्या नांवांखालीं अजून ओळखूं येते. ही माहितीहि फुटकळच आहे, पण ती आपल्या मागें कांहीं तरी ओढून आणते.

रेल्वेकडून रस्त्याकडे वळलें म्हणजे दोष बदलत नाहीं, फक्त काळ मागें जातो. नाणेघाटांतील दगडी रांजण हा ‘भारतांतील पहिला टोलनाका’ असें सर्रास छापलें जातें. नाणेघाट हा कल्याणच्या बंदराहून जुन्नरमार्गें पैठणकडे येणाऱ्या प्राचीन वाटेवरील घाट, ही गोष्ट खरी. रांजणांत जकात टाकीत असत ही लोकांतील आख्यायिका आहे. परंतु तेथील प्रसिद्ध सातवाहन लेख ज्यांनीं वाचला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, प्राकृत भाषेंतील तो लेख यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा आहे. गाई, घोडे, कार्षापण यांच्या संख्या त्यांत आहेत, आणि भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासांत त्या संख्यांना मोठें स्थान आहे. जकातीचा विषय त्यांत नाहीं. म्हणजे जें शिळेवर खोदलेलें आहे तें सोडून जें खोदलेलें नाहीं तें पाठ करण्याचा हा प्रकार. दक्षिणेचा लेख जकातीच्या रांजणापुढें फिका पडला, यांत युगधर्म दिसतो असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों.

पैठणाच्या पुढें ती वाट कोठें जात होती ? येथें बीड जिल्ह्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील व्यापारी वृत्तांतांत असें सांगितलें आहे कीं, बॅरिगाझाहून म्हणजे भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस सुमारें १० दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून नाना तऱ्हांचें कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या दुर्गम मुलुखांतून भडोचच्या बंदरावर येतें. शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे श्रेष्ठ अशा तगरपुराचे आपण अधिपति असा त्यांचा कुलाभिमान होता. हें तगर कोणतें, हा एकोणिसाव्या शतकांतील विद्वानांच्या वादाचा एक आवडता विषय होता. कोणी तें देवगिरीस नेलें, कोणी जुन्नरास. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत, जो १८८४ मध्यें प्रसिद्ध झाला, तगर म्हणजे धारूर असें सुचविलें. हेंच आपल्या बीड जिल्ह्यांतील किल्ले धारूर. पुढें १९०१ मध्यें डॉ. फ्लीट यांनीं तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें प्रतिपादन केलें, आणि तेरच्या उत्खननांनंतर त्याविषयीं शंका उरली नाहीं. तेथील टेकाडांतून निघालेल्या व रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तु आज तेरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

पुस्तिकांमध्यें या साऱ्या वादाची एक ओळ होते : ‘तगर = तेर.’ उत्तर बरोबर आहे. परंतु तें बरोबर कां आहे हें जाणण्यांत जो आनंद आणि जें शिक्षण आहे तें त्या बरोबरीच्या चिन्हानें गिळून टाकिलें. भाषेच्या बाजूनें पाहावें. महाराष्ट्री प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘ग’ बहुधा लोप पावतो, हा वररुचीनें सांगितलेला नियम सर्वांस माहीत आहे. ‘नगर’ शब्दाचें त्या नियमानें ‘नअर’, ‘नयर’ आणि अखेर ‘नेर’ झालें. आमच्या बीड तालुक्यांतील पिंपळनेर आणि पाटोदा तालुक्यांतील अमळनेर हीं गांवें या नियमाचीं चालतीं बोलतीं उदाहरणें आहेत. आणि यांतील अमळनेरास आतां नव्या लोहमार्गावर स्टेशनहि झालें आहे. ज्या रीतीनें ‘नगर’ चें ‘नेर’ झालें त्याच रीतीनें ‘तगर’ चें ‘तेर’ होतें. एक अक्षर इकडचें तिकडे करावें लागत नाहीं. उलट ‘तगरपुर’ पासून ‘धारूर’ साधावयाचें तर शेवटचें ‘ऊर’ मिळतें, पण आरंभींच्या ‘त’ चा महाप्राण ‘ध’ कसा झाला आणि ‘तगर’ चा ‘ते’ न होतां ‘धा’ कां झाला, याला उत्तर नाहीं.

अंतराची बाजू त्याहून सोपी आहे. भडोचपासून पैठणपर्यंत सरळ रेषेंत सुमारें ३५० किलोमीटर अंतर पडतें, आणि त्यास २० दिवस सांगितले आहेत. म्हणजे दिवसाची मजल सरळ रेषेनें साडेसतरा किलोमीटरांच्या आसपास. त्या हिशेबानें १० दिवसांत १७५ किलोमीटर व्हावे. पैठणपासून तेर सरळ रेषेंत सुमारें १५० किलोमीटर आहे आणि धारूर सुमारें १०५. गाड्यांच्या वाटेचा हिशेब इतका काटेकोर नसतो हें खरें. तथापि दोहोंमध्यें निवड करावयाची तर पारडें तेरकडे झुकतें. ग्रीक लेखकानें दिशा पूर्व सांगितली आहे, वस्तुतः दोन्ही गांवें पैठणच्या आग्नेयेस आहेत. तेव्हां दिशेच्या बाबतींत दोघांचाहि गुन्हा सारखाच. हा हिशेब आठवीच्या मुलास नकाशा आणि पट्टी देऊन करावयास लावतां येतो. आम्हीं तो करवून घेतलेला आहे, आणि मुलें तो करितांना गृहपाठ विसरतात हें अनुभवानें सांगतों.

डॉ. भांडारकरांचें मत चुकलें म्हणून पुस्तिकांतून धारूरचें नांव सर्वस्वीं नाहींसें झालें आहे. आम्हांस तेंहि पटत नाहीं. भांडारकरांसारख्या पंडितानें पैठणच्या आग्नेयेस, बालाघाटच्या माथ्यावर, मार्गावर वसलेलें जुनें ठाणें शोधतांना धारूरवर बोट ठेविलें, यांत त्या गांवच्या स्थानाची योग्यता दिसून येते. बहामनीनंतरच्या शाह्यांनीं आणि पुढें १६३१ मध्यें मोगलांनीं त्या किल्ल्यासाठीं जी झुंज केली ती कांहीं त्यांतील आंब्यांसाठीं नव्हे. विद्वानाची सकारण चूक ही पुष्कळदां निष्कारण बरोबर उत्तरापेक्षां अधिक शिकविते.

दुसऱ्या बाजूनें, स्थानिक अभिमानी मंडळींनाहि एक शब्द सांगणें प्राप्त आहे. पैठण आणि तेर यांना जोडणारी रेषा नकाशावर काढली असतां ती बीड शहराच्या अगदीं जवळून जाते. आणि हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे ‘प्राचीन महामार्ग आमच्याच गांवच्या वेशीवरून जात होता’ असें सांगणाऱ्यांची संख्या वाढूं लागते. पट्टीनें काढलेली रेषा म्हणजे रस्ता नव्हे. बैलगाडी पाणी पाहून चालते, उतार पाहून चालते, आणि जेथें नदीला पाय लागतो तेथें नदी ओलांडते. पेरिप्लसकारानें मधला एकहि मुक्काम सांगितलेला नाहीं. जो कोणी मधले मुक्काम सांगतो तो ते स्वतःचे पदरचे सांगतो. नाणेघाटच्या टोलनाक्याला नांवें ठेवावयाचीं आणि आपल्या गांवीं रोमन व्यापारी उतरविले म्हणून मिरवावयाचें, हें एकाच मापानें मोजलें पाहिजे.

नदीच्या उताराचा विषय निघाला म्हणून राक्षसभुवनाचें उदाहरण येथेंच देतों. १० ऑगस्ट १७६३ ही तारीख आणि विजयी पेशव्याचें नांव प्रत्येक पुस्तिकेंत असतें. पण ती लढाई तेथेंच आणि तेव्हांच कां झाली ? श्रावणांतली गोदावरी भरलेली, निजामअल्ली सैन्याच्या एका भागासह नदी उतरून उत्तर तीराला गेलेला, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकलेला. तशा स्थितींत माधवराव व राघोबादादा यांनीं गांठलें आणि दिवाण पडला. औरंगाबादेकडे जाणाऱ्या वाटेवरचा नदीचा उतार हाच त्या लढाईचा खरा सेनापति होता असें म्हटलें तरी चालेल. आज गेवराईहून शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडतांना गाडीची गति देखील कमी करावी लागत नाहीं. म्हणून पूर्वीं नदी ही रस्त्याचा भाग होती हें मुद्दाम सांगावें लागतें.

महामार्गांच्या क्रमांकांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तेथें चूक साधी आहे. सोलापूर–धाराशिव–बीड–औरंगाबाद–धुळें या रस्त्याचा क्रमांक २११ आणि कल्याण–नगर–पाथर्डी–माजलगांव–परभणी–नांदेड–निर्मळ या रस्त्याचा २२२ असें अनेक पुस्तिकांत अजून छापलें जातें. २०१० मध्यें राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानें लाविले गेले, आणि हे रस्ते अनुक्रमें ५२ व ६१ या क्रमांकांच्या मार्गांचे भाग झाले. नुसती दुरुस्ती करून थांबूं नये. नव्या योजनेंत उत्तर–दक्षिण रस्त्यांना सम अंक दिले असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, आणि पूर्व–पश्चिम रस्त्यांना विषम अंक दिले असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणूनच सुरत–नागपूर मार्ग ५३, त्याच्या दक्षिणेस आमचा ६१, आणि त्याच्याहि दक्षिणेस पुणें–सोलापूर–हैदराबाद मार्ग ६५. एवढें सांगितलें कीं अंक पाठ करावा लागत नाहीं. अंकच दिशा सांगतो. जुना २११ हा नुसता अंक होता, नवा ५२ हें एक वाक्य आहे. माहिती आणि ज्ञान यांतील अंतर दाखविण्यास याहून सोपें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

या वाङ्मयाचा सर्वस्वीं अधिक्षेप करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत चांगले कणहि आहेत. भोर घाटाच्या लोहमार्गाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें हिंदुस्थानांत येतांच थोड्या दिवसांत मृत्यु पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिनें ठेका पुढें चालवून काम तडीस नेलें, व १८६३ मध्यें घाट खुला झाला, ही हकीकत आमच्या अनेक विद्यार्थिनींस प्रथम अशाच एका चौकटींतून कळली. ती वाचून एका मुलीनें घाटांत बोगदे किती, मजूर कोठले, मेले किती, असे प्रश्न विचारले. जो कण असे प्रश्न उत्पन्न करितो तो फुटकळ असला तरी बीजरूप आहे. वाईट कण तो, कीं ज्याच्यापुढें प्रश्न संपतात. परळीच्या त्या मुलीचें उत्तर पहिल्या जातीचें होतें आणि छापील उत्तर दुसऱ्या.

पुस्तिकाकारांस आमची सूचना इतकीच कीं, प्रत्येक उत्तरापुढें सन द्यावा, त्या सनीं तें स्थळ कोणत्या राज्यांत होतें तें द्यावें, आणि ‘पहिला’ म्हणतांना कशांतला पहिला तें लिहावें. एका ओळीच्या दोन ओळी होतील; कागद तितका महाग नाहीं.

संशोधक वाचकांसहि एक विनंति आहे. बीड, गेवराई, धारूर, अंबाजोगाई व पाटोदा या भागांत निजामी काळांतील मैलाचे दगड, जुन्या वाटांवरील बारवा, धर्मशाळा, जकातनाक्यांच्या चौक्या आणि सरहद्दीचे दगड जेथें जेथें उभे असतील तेथील जागा, दगडावरील अक्षरें व अंक, आणि दगडाचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें लिहून ठसे किंवा छायाचित्रें मंडळाकडे पाठवावींत. महामार्गांच्या रुंदीकरणांत असे दगड दरवर्षीं मातींत जात आहेत. परळीच्या जुन्या स्टेशनाविषयीं ज्यांच्या घरीं तिकिटें, पावत्या किंवा मालवाहतुकीच्या वह्या असतील त्यांनीं त्या दाखविल्यास त्यांच्या नकला करून मूळ कागद परत करण्याची व्यवस्था होऊं शकेल. त्या मुलीच्या पणजोबांच्या वेळची गाडी नेमकी कोणत्या दिवशीं आली हें त्यावरून लिहितां येईल, आणि तें लिहून झाल्यावर त्याची एक प्रत आम्ही त्या शाळेकडे पाठविणार आहों.